मारेकरी ढेकणाची प्रजाती कशी ओळखायची: फोटोपासून नावापर्यंत

मला सापडलेला पहिला मारेकरी ढेकूण (दुसरे किडे मारून खाणारा असॅसिन बग) शेंदरी लाल होता. अंग लाल, पाय लाल, काळे फक्त डोळे. तो बरणीत ठेवून मी दुपारभर लाल असॅसिन बगचे फोटो चाळले, एक नाव जुळलं, ते वहीत लिहिलंही. संध्याकाळी बरणी उचलली तर आत काळसर तपकिरी कीटक बसलेला. किडा तोच होता. नुकतीच कात टाकलेला मारेकरी ढेकूण काही तास लाल-नारिंगी दिसतो आणि कवच कडक होत जातं तसा त्याचा खरा रंग येतो, हे मला माहीत नव्हतं. मी लिहिलेलं नाव पूर्णपणे रंगाच्या आधारावर होतं.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला: आधी शरीराची घडण, शेवटी रंग. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. मारेकरी ढेकणांच्या कुलाचं नाव रेडुव्हिडी. जगभरात याच्या सुमारे ७००० प्रजाती आहेत, काही मिलिमीटरच्या किड्यापासून चार सेंटिमीटरच्या धिप्पाड शिकाऱ्यापर्यंत. एवढ्या गर्दीत फोटोला फोटो जुळवत बसलं तर चुकीचं नाव हमखास हाती येतं. कुल, मग उपकुल, मग जीनस (जवळच्या प्रजातींचा गट), मग प्रजाती अशा पायऱ्या उतरत गेलं तर निदान आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत हे तरी कळतं.

काय काय जवळ हवं

- झाकणाची पारदर्शक बरणी आणि एक जाड कागद
- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- मॅक्रो लेन्स किंवा जवळचं टिपणारा मोबाईल कॅमेरा
- आलेख कागद (फोटोत मोजमापासाठी)
- वही: तारीख, वेळ, जागा, झाड आणि किडा काय करत होता, याच्या नोंदीसाठी

१. हाताने धरू नका

हा कीटक तोंडाची सोंड खुपसून विषारी लाळ भक्ष्याच्या अंगात सोडतो. तिने भक्ष्य लुळं पडतं, आतला भाग पातळ होतो आणि मग तो शोषून घेतला जातो. तीच सोंड स्वतःच्या बचावासाठी माणसाच्या बोटातही शिरते. दंश फार दुखतो आणि जागा सुजते. आफ्रिकेतल्या प्लॅटिमेरिस या जीनसचे ढेकूण तर धोका वाटला की साधारण ३० सेंटिमीटरपर्यंत विष उडवतात. ते डोळ्यात गेलं तर जळजळ होते.

म्हणून बरणी वरून पालथी घाला, खालून कागद सरकवा, झालं. किडा फार पळापळ करत असेल तर बरणी पाचेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. तो मंदावतो आणि फोटो काढता येतात. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका.

धरला की काही वेळा तो चिरचिर आवाज करतो. हा आवाज ओळखीची एक खूणच आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

२. एक फोटो पुरत नाही

नवशिके बहुतेक वेळा वरून काढलेला एकच सुंदर फोटो दाखवतात. त्यावरून रंग आणि ठेवण कळते, पण नाव ठरवणाऱ्या अर्ध्या खुणा त्यात नसतात. मी किमान एवढे फोटो घेते:

- वरून, पूर्ण शरीर, शृंगिकांच्या (डोक्यावरच्या मिशांच्या) टोकांसह
- अगदी बाजूने, डोकं आणि सोंड स्पष्ट दिसेल असा
- खालून, बरणीच्या काचेतून
- पुढच्या पायांचा जवळून
- पंखांच्या टोकाकडच्या पातळ पडद्याचा
- आलेख कागदावर, लांबी मोजता येईल असा

यातला बाजूचा फोटो सगळ्यात मोलाचा. एकच फोटो काढायला वेळ असेल तर तोच काढा.

नोंदींचाही कंटाळा करू नका. किडा रात्री दिव्यावर आला होता, सालीखाली होता, फुलावर दबा धरून होता की दगडाखाली वाणी (असंख्य पायांचा किडा) खात होता, यावरून उपकुलाचा अंदाज निम्म्याने सोपा होतो.

३. मुळात हा मारेकरी ढेकूणच आहे का?

चार खुणा एकत्र पाहा.

सोंड: आखूड, दणकट, तीन खंडांची आणि बहुतेकांत कमानीसारखी वाकलेली. बाजूने पाहिलं तर डोकं आणि सोंड यांच्यामध्ये मोकळी जागा दिसते.

डोकं: लांबट, आणि डोळ्यांच्या मागे बारीक होऊन मानेसारखं झालेलं. डोळ्यांच्या मध्ये किंवा थोडं मागे एक आडवी खाच असते.

छातीखालची खोबण: पुढच्या दोन पायांच्या मध्ये बारीक आडव्या रेघांची एक खोबण असते आणि सोंडेचं टोक तिच्यात बसतं. तो चिरचिर आवाज या रेघांवर सोंड घासून येतो.

पंखाचा पडदा: प्रौढाच्या पुढच्या पंखाच्या टोकाकडच्या पातळ भागात साधारणपणे दोन मोठे बंद कप्पे असतात.

आता ज्यांच्यामुळे घोळ होतो ते. कोरिडी कुलातले पानपायी ढेकूण यात सगळ्यांत पुढे. त्यांची नारिंगी-लाल पिल्लं घोळक्याने बसतात आणि मारेकरी ढेकणाच्या पिल्लांसारखी हुबेहूब दिसतात. फरक सोंडेत आहे: पानपायी ढेकणाची सोंड चार खंडांची, सरळ, पोटाला चिकटून मागे गेलेली असते, कारण तो झाडाचा रस पितो. त्याच्या पंखाच्या पडद्यातही कप्प्यांऐवजी पुष्कळ उभ्या शिरा असतात. नॅबिडी कुलातले ढेकूण शिकारीच असतात, सोंडही वाकडी असते, पण ती चार खंडांची आणि बारीक असते, आणि डोक्यामागे मान अशी नसते.

'हा दुसरा किडा खाताना दिसला, म्हणजे असॅसिन बगच' हा तर्क मी पुष्कळदा ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. हिरव्या ढेकणांच्या कुलात शिकार करणारं एक अख्खं उपकुल आहे. दक्षिण आशियातला अँटिलोकस कोकबर्टी हा लाल ढेकूण तर कापसावरच्या लाल ढेकणांच्याच कुलातला, आणि खातोही त्यांनाच. शिकार करण्यावरून कुल ठरत नाही, सोंड आणि डोकं पाहावंच लागतं.

४. पिल्लू की प्रौढ?

हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण ओळखण्याच्या जवळजवळ सगळ्या चाव्या (खुणा टप्प्याटप्प्याने तपासायच्या याद्या) प्रौढांसाठी लिहिलेल्या असतात. अंड्यातून बाहेर आल्यावर मारेकरी ढेकूण पाच पिल्लावस्थांतून जातो आणि मग प्रौढ होतो. कोषावस्था नसते. मोठ्या पिल्लांच्या पाठीवर पंखांच्या जागी लहान पाकळ्या दिसतात, त्या पोटावर पसरलेल्या नसतात. प्रौढाच्या डोक्यावर, डोळ्यांच्या मागे, मण्यांसारखे दोन साधे नेत्र असतात. पिल्लांना ते नसतात. (एमेसिनी या उपकुलातल्या प्रौढांनाही नसतात, तेवढा अपवाद लक्षात असू द्या.)

पण पंख नाहीत म्हणजे पिल्लूच, असंही नाही. वाणी खाणाऱ्या एक्ट्रिकोडिनी उपकुलात पुष्कळ प्रजातींच्या माद्या प्रौढ झाल्या तरी बिनपंखी किंवा तोकड्या पंखांच्याच राहतात.

पिल्लाची ठेवण प्रौढापेक्षा किती वेगळी असू शकते याचं उत्तम उदाहरण उत्तर अमेरिकेतला अरिलस क्रिस्टॅटस. प्रौढाच्या पाठीवर दातेरी चाकाच्या तुकड्यासारखा उभा कंगोरा असतो, दुसऱ्या कीटकाशी सहसा गल्लत व्हायला नको इतका ठळक. पिल्लाला तो कंगोरा नसतोच. लहान पिल्लू काळं, पोट लाल, आणि पोटाचं टोक वर उचललेलं. दोघांना शेजारी ठेवलं तर नवखा माणूस वेगळ्या प्रजाती म्हणेल.

काही पिल्लं तर मुद्दाम ओळख लपवतात. रेडुव्हियस पर्सोनॅटसचं पिल्लू अंगाला धूळ चिकटवून चालत्या कचऱ्याच्या गोळ्यासारखं फिरतं. अकँथॅस्पिस पेटॅक्सचं पिल्लू खाल्लेल्या मुंग्यांची कलेवरं पाठीवर रचून वाहून नेतं. असं पिल्लू सापडलं तर फोटोसाठी ते झाडून साफ करू नका. ते आच्छादनच त्याचं संरक्षण आहे, आणि ओळखीचा पुरावाही तेच आहे.

पिल्लाची खात्रीशीर ओळख हवी असेल तर दोनच मार्ग मला उपयोगी पडले: त्याच झाडावर प्रौढ शोधणं, किंवा पिल्लू पाळून प्रौढ होऊ देणं. पाळायचं तर एका बरणीत एकच. दोन ठेवली तर एक दुसऱ्याला खातं.

५. उपकुल गाठा

माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ या पायरीवर द्यायला हवा. उपकुल बरोबर आलं की ७००० चा आकडा एकदम खाली येतो. उपकुलं वीसच्या वर आहेत, पण सुरुवातीला पुढची ओळखता आली तरी पुष्कळ झालं.

हार्पॅक्टोरिनी. सर्वांत मोठं उपकुल, दोन हजारांहून अधिक प्रजाती. दिवसा झाडाझुडपांवर दिसणारे, रंगीत, लांब पायांचे मारेकरी ढेकूण बहुतेक यातले. पुढच्या पंखाच्या जाड भागात, शिरांच्या मध्ये, एक छोटा चौकोनी कप्पा असतो. तो दिसला की नाव जवळजवळ ठरलं. पायांच्या नळीच्या (मांडीच्या पुढच्या भागाच्या) टोकाला मऊ गादी नसते. अरिलस, ऱ्हायनोकोरिस, सायकॅनस, झेलस हे जीनस इथलेच.

रेडुव्हिइनी. बहुधा काळे-तपकिरी, रात्री फिरणारे, सालीखाली, भिंतींच्या फटीत. चौकोनी कप्पा नसतो. पुष्कळांच्या पुढच्या पायांच्या नळीच्या टोकाला स्पंजासारखी गादी असते, तिने भक्ष्य घट्ट धरलं जातं. भिंगाखाली ती फिकट मखमलीसारखी दिसते. प्लॅटिमेरिस आणि अकँथॅस्पिस यातच येतात.

पायरॅटिनी. जमिनीवर धावणारे, दिव्यावर येणारे, चपळ. डोक्यामागे पाठीवर असलेल्या ढालीची आडवी चिमट (आवळलेली जागा) मध्याच्या मागे असते, त्यामुळे ढालीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा मोठा दिसतो. इतर बहुतेकांत उलट असतं. पुढचे पाय मुळाशी भरदार, नळीवर मोठी गादी. मी हे उपकुल ढालीच्या या एका खुणेवरून दुरूनच ओळखते. दंशाच्या बाबतीत यांच्यापासून विशेष जपा.

स्टेनोपोडेनी. वाळक्या गवताच्या रंगाचे, लांबट. हेही दिव्यावर येतात. शृंगिकेचा पहिला खंड जाड आणि पंखात मोठा पाच-सहा कोनी कप्पा.

एक्ट्रिकोडिनी. लाल, काळे, निळसर चमकदार. पाठीवर, पंखांच्या मुळांमध्ये असलेल्या छोट्या त्रिकोणाचं टोक बहुतेकांत दुभंगलेलं असतं. शेजारी वाणी असेल तर शंकाच नको.

एमेसिनी. काडीसारखं अंग, दोऱ्यासारखे पाय. लांबपायी डासासारखे वाटतात, पण पुढचे दोन पाय खंडोबाच्या किड्यासारखे पकड घेणारे असतात. पुष्कळसे कोळ्यांच्या जाळ्यांभोवती राहतात. ऑस्ट्रेलियातला स्टेनोलेमस बायट्यूबेरस जाळ्याचे धागे हलवून अडकलेल्या भक्ष्याचा भास निर्माण करतो आणि जवळ आलेल्या कोळ्यालाच मारतो. हे वर्तन वाचल्यापासून मी कोळ्याच्या जाळ्याकडे दोनदा पाहते.

फायमॅटिनी. बसकट, फुलावर दबा धरणारे, पुढच्या मांड्या फुगीर. शृंगिकेचं टोक बहुधा गदेसारखं. पहिल्या नजरेत मारेकरी ढेकूण वाटतच नाहीत.

६. रक्त पिणारं उपकुल वेगळं ओळखा

ट्रायटोमिनी हे उपकुल भक्षक नाही, ते पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचं रक्त पितं. याच्या दीडशेवर प्रजाती बहुतांश अमेरिका खंडांत आहेत. लिन्शकॉस्टियस हा जीनस फक्त भारतात आणि ट्रायटोमा रुब्रोफॅसिएटा ही प्रजाती आशिया-आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांतही आढळते. अमेरिका खंडांत या ढेकणांमधून शागास या गंभीर रोगाचा परजीवी पसरतो. डॉक्टर कार्लोस शागास यांनी १९०९ मध्ये ब्राझीलमध्ये तो शोधला. संसर्ग दंशातून होत नाही. ढेकणाची विष्ठा जखमेत किंवा डोळ्यात गेली की होतो.

खुणा: सोंड बारीक आणि सरळ, डोक्याखाली चपखल बसलेली, कमान नाही. डोकं लांब शंकूसारखं. शृंगिका डोक्याच्या बाजूंतून निघालेल्या. पोटाच्या रुंद कडेवर पुष्कळदा लाल, नारिंगी किंवा पिवळे पट्टे. पण पट्टे पाहून घाबरू नका, निरुपद्रवी प्रजातींतही असे पट्टे असतात. अरिलस आणि रेडुव्हियस पर्सोनॅटस यांना लोक ट्रायटोमिनी समजून चिरडतात, म्हणून पुन्हा सांगते: बाजूचा फोटो काढा, सोंड पाहा. अमेरिकेत राहत असाल आणि सोंड सरळ दिसली, तर उघड्या हाताने स्पर्श न करता किडा डबीत बंद करा आणि स्थानिक आरोग्य विभागाला दाखवा.

७. जीनस आणि प्रजाती

इथून पुढे काटे, उंचवटे, खंडांच्या लांबीचं प्रमाण आणि जागा यांचं राज्य सुरू होतं.

सायकॅनस हा आशियातला जीनस घ्या. लांब मान, रुंद पोट, आणि पाठीवरच्या छोट्या त्रिकोणावर उभा काटा. वरून काढलेल्या फोटोत हा काटा ठिपक्याएवढा दिसतो आणि सुटतो, बाजूने लगेच कळतो. झेलसमध्ये पुढच्या पायांच्या केसांवर चिकट द्रव असतो, त्यामुळे पायांना धूळ-परागकण लागलेले दिसतात. प्रजाती ठरवताना तिथे ढालीच्या मागच्या कोपऱ्यांवर काटे आहेत का ते पाहावं लागतं.

भौगोलिक प्रदेश पाहणं आवश्यक आहे, पण तो शेवटचा शब्द मानू नका. युरोपातला रेडुव्हियस पर्सोनॅटस उत्तर अमेरिकेत जाऊन स्थिरावला आहे, तर अमेरिकेतला झेलस रेनार्डी भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत पसरला आहे. 'इथे हा सापडत नाही' म्हणण्यापूर्वी तो बाहेरून आलेला असू शकतो का, हे तपासा.

आणि आता रंग. तो निरुपयोगी नाही, फक्त त्याची पाळी इथे येते. प्लॅटिमेरिस बायगटॅटसच्या पंखांवरचे दोन पांढरट ठिपके खरोखर उपयोगाचे आहेत, नावाचा अर्थही 'दोन ठिपक्यांचा' असाच आहे. लॅटिन नावाचा अर्थ शोधण्याची सवय लावून घ्या. पर्सोनॅटस म्हणजे मुखवटा घातलेला, क्रिस्टॅटस म्हणजे तुरेवाला. पण भारतात आढळणाऱ्या ऱ्हायनोकोरिस मार्जिनॅटसमध्ये पोटाच्या कडा पूर्ण लाल, पूर्ण काळ्या किंवा लाल-काळ्या अशा तिन्ही प्रकारच्या असतात, आणि प्रजाती एकच. ज्या जीनसमध्ये असं घडतं तिथे रंगावर नाव ठरवणं म्हणजे माझ्या लाल किड्याची चूक पुन्हा करणं.

शोधताना स्पेलिंगचा सापळाही आहे. ऱ्हायनोकोरिस हे नाव रोमन लिपीत 'वाय' घालून लिहितात, पण जुन्या लेखनात 'आय' घातलेलंही सापडतं. दोन्ही शोधा, नाहीतर अर्धी माहिती नजरेआड राहते. प्रजाती एका जीनसमधून दुसऱ्यात हलवल्या जातात, तेव्हा जुनी नावंही पाहा.

फोटोवरून नाव सुचवणारी ॲप मी वापरते, पण पाचवी पायरी झाल्यावर. ज्या प्रजातींचे फोटो जास्त, त्यांच्याकडे या ॲपचा कल असतो. ॲपने सुचवलेलं नाव तुम्ही ठरवलेल्या उपकुलात बसत नसेल तर आधी पंखाचा कप्पा आणि सोंड पुन्हा तपासा. दोन्ही स्पष्ट असतील तर ॲपचं नाव बाजूला ठेवा.

८. कुठे थांबायचं

कितीतरी जवळच्या प्रजाती नराच्या पोटाच्या टोकाकडची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. तिथे जिवंत किड्याचा फोटो कितीही सुरेख असला तरी पुरत नाही. अशा वेळी जीनसचं नाव लिहून प्रजातीची जागा मोकळी ठेवा. उपकुलापर्यंतच खात्री असेल तर उपकुलच लिहा. नावाशेजारी कुठल्या खुणेवरून ते ठरवलं, हेही एका ओळीत लिहून ठेवा: 'चौकोनी कप्पा दिसला, त्रिकोणावर काटा, लांबी २२ मिमी'. वर्षभराने तुम्हाला जास्त कळू लागेल तेव्हा ही ओळ कामी येते. माझ्या वहीतली जुनी नावं मी अशाच ओळींवरून दुरुस्त केली, आणि जिथे ओळ लिहिली नव्हती ती नावं खोडावी लागली.

फोटो झाले की किडा जिथे सापडला त्याच झाडावर किंवा त्याच दगडाजवळ सोडा. बरणी आडवी ठेवून झाकण काढा आणि बाजूला व्हा, तो आपला आपण चालत बाहेर येतो. झाडावर पिंपाच्या आकाराच्या, एकमेकींना चिकटवून उभ्या रचलेल्या अंड्यांचा पुंजका दिसला तर त्याचाही फोटो घ्या आणि फांदीला खूण बांधा. हार्पॅक्टोरिनीतले ढेकूण अशी अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडल्यावर पहिल्या अवस्थेपासूनचे फोटो तुमच्याकडे जमतील.